गढीच्या दरवाजात कोण उभा होता?

एकट्याने प्रवास करणे ही आज फार मोठी गोष्ट राहिलेली नाही. खांद्याला पिशवी लावावी, पाण्याची बाटली घ्यावी, स्वारगेटला एस.टी.त बसावे आणि वाटेल तिथे उतरावे. कोणी अडवत नाही. परंतु ज्या समाजात आम्ही जन्मलो त्या समाजाला ही साधी गोष्ट फुकट मिळालेली नाही. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचा भीमराव आपल्या भावंडांसह वडिलांना भेटायला गोरेगावकडे निघाला होता. मसूर स्टेशनवर उतरल्यावर मुलांची जात कळली आणि त्यांना बैलगाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडे कबूल केल्यावर गाडी मिळाली, पण ती हाकायची मुलांनी आणि गाडीवान चालणार बाजूने. जवळ अन्न होते, पण पाण्याचा थेंब नव्हता, म्हणून मुले रात्रभर उपाशी राहिली. पुढे बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनाची सुरुवातच या प्रवासाने केली. आमच्या माणसाने एकट्याने घराबाहेर पडून निवांतपणे एखादी वास्तू पाहून यावे, एवढ्यासाठीसुद्धा एक चळवळ लढावी लागली, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही असेच एकटे निघालो. बेत एका दिवसाचा होता. बारामतीला बाबूजी नाईकांचा वाडा पाहायचा, तिथून इंदापूरला मालोजीराजांची गढी पाहायची आणि रात्री घरी परतायचे. या बेतामागे एक फोन होता. आमच्या परिचयाचा एक तरुण नोकरीनिमित्त जपानमध्ये ओसाका शहरी असतो. सुट्टीच्या दिवशी तो एकटाच रेल्वेने हिमेजीचा किल्ला पाहून आला आणि रात्री फोनवर तासभर त्याचेच वर्णन करीत राहिला. पांढराशुभ्र किल्ला, आतून सात मजले, लाकडाचे अवाढव्य खांब, जागोजागी माहितीच्या पाट्या. १९९३ सालीच तो जागतिक वारसा झाला. शेवटी तो म्हणाला, “आपल्याकडं असं काही का नाही?” आम्ही त्याला विचारले, “तुझ्या तालुक्यातली गढी तू पाहिलीस का?” तो गप्प झाला. तो मूळचा इंदापूर तालुक्यातला. मग आम्हालाच वाटले की दुसऱ्याला विचारण्याआधी आपण तरी नीट पाहिली आहे का? म्हणून निघालो.

सासवड, जेजुरी, मोरगाव करीत गाडी बारामतीला पोहोचली. कऱ्हेच्या काठावर बाबूजी नाईकांचा वाडा आहे. नाव वाडा असले तरी अंगलट भुईकोट किल्ल्याची आहे. उंच भिंती, बुरूज आणि भला थोरला दरवाजा. बाबूजी नाईक जोशी हे पेशवाईतले मोठे सावकार. खुद्द पहिल्या बाजीरावाला त्यांचे कर्ज होते. त्यांच्या भावाला पेशव्यांच्या घरातली मुलगी दिलेली, म्हणजे सोयरीकही होती. १७४० साली बाजीराव वारल्यावर पेशवेपद आपल्याला मिळावे म्हणून बाबूजींनी खटपट केली आणि नागपूरच्या रघुजी भोसल्यांनी त्यांची बाजू घेतली. ते पद नानासाहेबांकडे गेले. याच नाईकांच्या आश्रयाने मोरोपंत बारामतीला राहिले आणि १७९४ साली इथेच वारले. बारामतीची ‘कवी मोरोपंतांची नगरी’ ही ओळख त्यातूनच आली. इतका इतिहास शाळेतले पोरही सांगेल.

परंतु सावकाराच्या एवढ्या उंच भिंती कशाच्या आधारावर उभ्या राहतात, हा प्रश्न शाळेत कोणी विचारत नाही. याच बारामती तालुक्यात सुपे हे गाव आहे. तिथे १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर चाल केली आणि कर्जाची कागदपत्रे जाळली. ती आग पुणे-नगर जिल्ह्यांत पसरली. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ साली शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. वाडा आणि सुपे यांच्यामध्ये शंभरावर वर्षे गेली. सावकार बदलले, परंतु भिंतीच्या आत वही आणि भिंतीच्या बाहेर अंगठा, ही रीत तीच राहिली. आणि ज्याच्या नावावर गहाण टाकायलाही जमीन नव्हती, त्याला त्या वहीतसुद्धा जागा नव्हती. मोरोपंतांच्या आर्या आम्हाला माहीत आहेत. या भिंतींचा दगड ज्यांनी फोडला आणि वाहिला, त्यांतल्या एकाचेही नाव आम्हाला माहीत नाही.

दुपारी इंदापूरची गाडी धरली. भवानीनगर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी ही गावे मागे पडत होती. दोन्ही बाजूंना नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचा ऊस आणि उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलेली आमची गाडी. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी गाव विचारले, काम विचारले. आम्ही म्हणालो, “काम काही नाही, गढी बघायला चाललोय.” त्यांना नवल वाटले. एकटा माणूस, सोबत बायकापोरे नाहीत, नवस नाही, लग्न नाही आणि हा गढी बघायला चाललाय! थोडा वेळ गेला आणि अपेक्षित प्रश्न आलाच. “आडनाव काय म्हणालात?” आम्ही आडनाव सांगितले. गृहस्थ चांगले होते, बोलणे थांबवले नाही. फक्त आवाज अर्ध्या पट्टीने उतरला. आज गाडीत बसायला कोणी हरकत घेत नाही, पण आडनावाची तिकीटतपासणी अजून सुरूच आहे.

इंदापूर हे मराठ्यांच्या इतिहासातले मोठे नाव. छत्रपती शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले. पुढे पुणे, सुपे, चाकण, इंदापूर ही नावे शहाजीराजांच्या जहागिरीत एकत्र येतात आणि स्वराज्याची पहिली भूमी म्हणून इतिहासात जातात. गावातच गढीचा उंचवटा आहे आणि चांदशाहवली बाबांचा दर्गाही आहे. मालोजीराजांनी आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी अशी ठेवली, ती नगरच्या शाह शरीफ या पिराच्या श्रद्धेने, असे सांगतात. ज्यांना महाराजांचा इतिहास एका धर्माच्या विरुद्ध दुसरा धर्म एवढ्यावरच आणून ठेवायचा आहे, त्यांनी एकदा आजोबांच्या घरातली ही नावे उच्चारून पाहावीत.

आम्ही गढीच्या उतारावर एकटेच बसलो. समोर दुपारच्या उन्हात गाव पसरले होते. गढी म्हणजे काय? जिथून गावाचा सारा गोळा व्हायचा, हुकूम सुटायचे, धान्य साठवायचे, शत्रू आल्यास दार लावून घ्यायचे ती जागा. मुंबई इलाख्यातली इंग्रजांची नवी जमीनमोजणी १८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी याच इंदापूर तालुक्यापासून सुरू केली. म्हणजे राजे गेले, पेशवे गेले, साहेब आले, तरी जमिनीचा हिशेब इथेच मांडला गेला. आणि प्रत्येक राजवटीत त्या हिशेबाचा सांगावा घेऊन धावणारा माणूस मात्र एकच होता. सारा पोहोचवायला महार, पाटलाचे बोलावणे सांगायला महार, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे पळायला महार, शिवेचा तंटा झाला तर हद्द दाखवायला महार आणि रात्री वेशीत उभा राहायलाही महारच.

किल्ल्यांची व्यवस्था पाहा. हवालदार, सबनीस, कारखानीस ही गडावरची माणसे. त्यांची पदे, त्यांच्या जाती, त्यांचे पगार यांवर ग्रंथ लिहिले गेले. परंतु गडाच्या खाली, घेऱ्यात आणि मेटांवर, रानातली वाट राखत रात्र रात्र जागणारे रामोशी, महार, मांग, कोळी, बेरड हे त्याच व्यवस्थेचे पहिले कडे होते. शत्रू आला तर पहिली आरोळी त्यांची आणि पहिला वारही त्यांच्यावर. इतिहासकारांनी हे लिहून ठेवले नाही असे नाही. रानड्यांपासून अनेकांनी याची नोंद केली आहे. पण ती नोंद एका ओळीची आहे. त्या ओळीतल्या माणसांना नाव नाही, गाव नाही, घर नाही.

गढीवरून उतरून आम्ही चहा घ्यायला थांबलो. बाकड्यावर ऐंशीच्या घरातले एक आजोबा बसले होते. डोक्याला पांढरी टोपी, हातात काठी. त्यांनीही गाव विचारले. आम्ही आडनाव सांगितले आणि त्यांचा चेहरा उजळला. “जय भीम!” म्हणाले आणि सरकून जागा दिली. आजोबा जवळच्याच एका खेड्यातले. गढी पाहायला आलो म्हटल्यावर हसले आणि म्हणाले, “गढीत काय बघायचं? आमचा आजा येसकर व्हता. रातभर येशीत हुबा ऱ्हायचा, हातात घुंगराची काठी. कुनी आलं-गेलं, आजाला ठावं. सकाळ झाली की त्योच आजा घरोघर भाकरी मागायचा. गाव त्येच्या जिवावर झोपायचं, पर येशीच्या आत त्येला झोपायला जागा न्हवती.”

आम्ही विचारले, ती काठी कुठे आहे? आजोबा म्हणाले, “छप्पन सालानंतर बापानं मेलेलं ढोर वढायचं सोडलं, भाकरी मागायचं सोडलं. एक दिस काठी मोडली आन् चुलीत घातली. आयनं घुंगरं तेवढी काढून ठिवली व्हती. आमी पोरं खेळायचो त्येनं. मग गेली कुटं तरी.”

वाचकहो, आम्ही त्या दिवशी एक वाडा पाहिला, एक गढी पाहिली. परंतु घरी परतताना मनात राहिली ती ही हरवलेली घुंगरे. ती काठी चुलीत घालणारा बाप आम्हाला कोणत्याही गढीच्या धन्यापेक्षा मोठा वाटतो. कारण त्याने तोडली ती नुसती काठी नव्हती, ते वतन होते. ज्या वतनाने अठरा कामे गळ्यात बांधली आणि मोबदल्यात जमिनीचा तुकडा आणि शिळी भाकरी दिली, त्या महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करून या वेठीतून समाजाला सोडवावे ही त्यांची मागणी होती. ते विधेयक तेव्हा पार पडले नाही. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडावे लागले. परंतु कायदा येण्याची वाट न पाहता घरोघरच्या बापांनी काठ्या मोडल्या. हा इतिहास कोणत्या किल्ल्यावर लिहिला आहे?

किल्ला आणि आमची माणसे यांचे नाते असे दुहेरी आहे. राखायला आम्ही आणि पाहायला गेलो तर बाटगे. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह निजामाच्या मुलुखात फिरत असताना दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. प्रवासाची धूळ अंगावर होती, म्हणून काहींनी दरवाजाजवळच्या हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. रमजानचा महिना होता. एक वृद्ध मुसलमान ओरडत आला की यांनी हौद बाटवला. बघता बघता जमाव जमला आणि शिवीगाळ सुरू झाली. अखेर किल्ला पाहू दिला, पण आत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून सोबत हत्यारी शिपाई दिला. परदेशातून मोठमोठ्या पदव्या घेऊन आलेला बॅरिस्टर किल्ला पाहतो आहे आणि त्याच्या पाण्यावर पहारा आहे! हिंदूंचा अस्पृश्य मुसलमानालाही अस्पृश्य असतो, हा या प्रसंगाचा धडा बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. तो आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो, कारण सत्य सोयीपुरते सांगायचे नसते.

आता पुन्हा जपानकडे वळू. रात्री घरी आल्यावर आम्ही त्या तरुणाला फोन केला आणि सांगितले की तू पाहिलेल्या हिमेजीच्या किल्ल्यालाही एक वेस होती. तिथल्या सामुराईंची चिलखते, खोगिरे, नगारे यांना चामडे लागे. ते कमावणारी माणसे किल्ल्याच्या गावाबाहेर, नदीकाठी वेगळी ठेवलेली असत. हिमेजीचे पांढरे कमावलेले चामडे तर प्रसिद्धच. मेलेली जनावरे ओढणे, चामडे कमावणे, तुरुंगाचा पहारा, फाशीची कामे ही त्यांच्या माथी मारलेली आणि त्याच कामांमुळे त्यांना विटाळ मानलेले. १८७१ साली सरकारी हुकमाने हा दर्जा रद्द झाला, परंतु भेदभाव गेला नाही. म्हणून ३ मार्च १९२२ रोजी क्योतो शहरात त्यांनी ‘सुइहेइशा’ ही स्वतःची संघटना उभी केली. आमच्या महाडच्या सत्याग्रहाआधी पाच वर्षे! देश वेगळा, भाषा वेगळी, देव वेगळे, पण किल्ला आणि वेस यांचे गणित तेच.

ओसाकाचा किल्ला तर पाहण्यासारखे उदाहरण आहे. त्याचा मधला उंच मनोरा १९३१ साली लोकवर्गणीतून काँक्रीटमध्ये नव्याने बांधला आणि आज तो दिमाखात उभा आहे. त्याच शहरात चामड्याचे काम करणाऱ्या या समाजाचा आणि इतर वंचितांचा इतिहास सांगणारे मानवी हक्कांचे संग्रहालय १९८५ साली उघडले होते. शहराच्या कारभाऱ्यांनी अनुदान बंद केले, जागेवरून वाद झाला आणि २०२० साली ते बंद पडले. किल्ल्याला गर्दी आहे, संग्रहालयाला टाळे आहे. फोनवर आमचा तरुण बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “पुढच्या सुट्टीत ती नदीकाठची वस्ती बघून येतो.” आम्ही म्हणालो, “जरूर जा. आणि दिवाळीला गावी आलास की आजोबांकडेही बस.”

हे सारे आजच सांगण्याचे कारण आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्य केले. त्यांतले ११ महाराष्ट्रात आहेत. आम्हालाही त्याचा आनंद झाला. शिवराय हे काही मूठभरांचे नाहीत. १८६९ साली जोतीराव फुल्यांनी त्यांचा पवाडा लिहिला तो कुळवाड्यांचा राजा म्हणून. मोठ्या किल्ल्यांमागोमाग आता गावोगावच्या गढ्यांकडे आणि वाड्यांकडेही लक्ष वळू लागले आहे. डागडुजी होईल, दिवे लागतील, पाट्या लागतील. जगभरातून एकटेदुकटे प्रवासी येतील आणि पाटीवर जे लिहिले असेल तेवढेच खरे मानून परत जातील. म्हणून पाटी लिहिली जाण्याआधी बोलले पाहिजे. एकदा दगडात कोरले की शंभर वर्षे तेच वाचले जाते.

आमची मागणी कोणाचे नाव पुसण्याची नाही. मालोजीराजांचे नाव राहू द्या, बाबूजी नाईकांचे राहू द्या, मोरोपंतांचेही राहू द्या. त्याच पाटीवर आणखी चार ओळी लिहा. दगड फोडणारे वडार कोण, माती वाहणारे कोण, घेरा राखणारे रामोशी कोण, वेशीत उभा राहणारा महार कोण, ढोल आणि दोर करणारा मांग कोण, हे लिहा. तलवार काचेच्या कपाटात ठेवता, तिच्याशेजारी वेसकराची घुंगरकाठीही ठेवा. तलवारीपेक्षा तिने गाव अधिक रात्री राखले आहे.

आणि हे काम सरकार करील म्हणून आपण हातावर हात ठेवून बसायचे नाही. आमच्या प्रत्येक विहारात दर रविवारी तरुण जमतात. त्यांनी आपल्या तालुक्यातली एक गढी, एक वाडा, एक वेस निवडावी. एकट्याने जावे किंवा चौघांनी जावे. घरातल्या पेट्या उघडाव्यात. एखादी सनद, वतनाचा कागद, सात-बाराचा जुना उतारा, बलुत्याची यादी मिळाली तर ती जपावी, तिची छायाप्रत काढावी. ज्या आजोबांनी, आजींनी वेठ पाहिली आहे ती पिढी आता बाकड्यावर बसलेली आहे. मोबाइल सर्वांच्या खिशात आहे; त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे, गावाचे नाव आणि तारीख टाकून ठेवावे. दहा वर्षांनी बाकडे रिकामे असेल.

परतीला सोलापूरकडून आलेली गाडी मिळाली. पळसदेवच्या आसपास उजनीचे पाणी संध्याकाळच्या उजेडात चमकत होते. या पाण्याखाली जुने पळसदेव आहे. धरण आटले की तिथले प्राचीन देऊळ वर येते आणि लोक ते पाहायला गर्दी करतात. देवळाबरोबर त्या गावाची वेसही बुडाली असेल आणि वेशीबाहेरची वस्तीही. आम्ही बाटलीतले उरलेले पाणी प्यालो. सोबत शिपाई नव्हता. एवढे बाबासाहेबांनी आपल्याला मिळवून दिले आहे. पाटीवरच्या चार ओळी आता आपण मिळवायच्या आहेत.